आप्पा आणि तांब्याचं पाणी

आप्पांच्या माडीवरची खोली भाड्यानं घ्यायची तर अट एकच होती, आणि ती भाड्याबद्दल नव्हती.

"घरात इस्टील आनायचं न्हाई," ते म्हणाले.

मी ट्रंक उघडून दाखवली. आत आईनं दिलेले स्टीलचे डबे, पेले आणि एक पातेली होती. मी ट्रंकेत मेलेली घूस घालून आणल्यासारखं आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं ते सगळं एका पोत्यात भरलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि पोतं जिन्याखाली ढकललं. "जाताना घिऊन जा. तवर त्याला कुनी हात लावनार न्हाई." दिंद्रुडच्या सरकारी दवाखान्यात मी नवीनच डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून गप्प बसले. पण संताप संताप झाला. संध्याकाळी आप्पांची मुलगी सुमन वर आली ती कल्हई केलेली पितळी पातेली, तांब्याची कळशी आणि दोन लोट्या घेऊन. "आप्पांनी धाडलंय," ती म्हणाली. "परत मागत न्हाईत ते. पर रोज घासलेलं बघतेत."

आणि खरंच बघत. आप्पांचं बाजाररस्त्याला भांड्यांचं दुकान होतं, तांब्या-पितळेचं. दुकानामागे घर, घरावर माझी खोली. उंच, काटकुळा माणूस, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि सदऱ्याच्या खिशात कायम चिंचेचा एक गोळा. तो खायचा नव्हे. कुठेही काळवंडलेलं भांडं दिसलं की आप्पांचा हात खिशात जायचा. शेजारच्या गावी एका मयताच्या घरी ते सांत्वनाला गेले होते. घरच्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आप्पांनी पाणी प्यायलं, तांब्या उलटासुलटा करून पाहिला, आणि आजूबाजूला रडारड चालू असताना मांडी घालून तो घासायला बसले. लखलखीत करून परत दिला आणि मगच म्हणाले, "लई वाईट झालं."

दुसरी सवय टिचकी मारण्याची. भांडं हातात आलं की बोटाचं पेर त्यावर ठोकायचं आणि कान जवळ न्यायचा. भांड्यानं बोललं पाहिजे, हे त्यांचं लाडकं वाक्य. तेव्हा पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आला, आता बघा काय काय होतं ते. दिंद्रुडच्या बाजारात त्या उघड्या दारातून आधी आल्या त्या प्लास्टिकच्या घागरी. लाल, हिरव्या, निळ्या. बाया घरातली जुनी तांब्याची भांडी मोडीत घालायच्या आणि हलक्या फुलक्या घागरी डोक्यावर घेऊन आप्पांच्याच दुकानावरून जायच्या. आप्पा गल्ल्यावरून उठून रस्त्यात आडवे व्हायचे. "थांब माय. ही घागर हाय का फुगा हाय?" टिचकी मारायचे. "बघ. मुकी हाय. हिच्याशी तू बोलनार काय आन् ही सांगनार काय?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुढे जायच्या. पण गिऱ्हाईक काही परत फिरायचं नाही.

या सगळ्यावर वरताण होतं ते पाणी. रोज संध्याकाळी सोप्यातली मोठी तांब्याची घागर भरली जायची, रात्रभर मुरायची, आणि सकाळी त्यातलं पाणी घरच्या माणसांना, मला, पोस्टमनला, दुकानात चुकून आलेल्या कुणालाही प्यावं लागायचं. नुसतं घ्यावं नव्हे, समोर उभं राहून संपवावं लागायचं. आप्पा पहारा करत. एकदा जिल्ह्याहून आमच्या दवाखान्याच्या तपासणीला साहेब आले. मला भेटायला म्हणून जिन्याशी आले, तर आप्पांनी त्यांनाच आधी लोटी धरली. साहेबांनी अर्धी पिऊन ठेवली. "हाकीम असा नाहीतर कलेक्टर असा, उरलेलं बी प्या," आप्पा म्हणाले, आणि साहेब प्याले. सगळ्यात मोठी लोटी सुमनची. तिच्यावर एवढी सक्ती कावून, असं मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं, तर आप्पा चिंचेचा गोळा काढून उगाच एक स्वच्छ तांब्या घासत राहिले.

ते काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे आप्पांची बायको, आणि त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगीही. आमच्या भागात यात कुणाला काही विशेष वाटत नाही, उलट घरातली पोर घरातच आली म्हणून आनंद. सुमनच्या आधी त्यांना एक मुलगा होता, बसवराज. सगळे बसू म्हणत. अकराव्या वर्षी त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, आणि महिन्याभरात खेळ आटोपला. "डाक्टर बोलले, पान्यानं झालं," काकू म्हणाल्या. "तवापासून ह्यांनी घरात दुसरं पानी येऊ दिलं न्हाई. तांब्यात पानी शुद्ध हुतंय ना." होतं, हे मलाही माहीत होतं. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात. आप्पांचं वेड ऐकायला वेड असलं तरी बिनबुडाचं नव्हतं. त्या दिवसापासून मी लोटी बिनतक्रार संपवायला लागले.

आणखी एक गोष्ट काकूंनी सांगितली, ती तेव्हा मला फारशी महत्त्वाची वाटली नाही. गावात कुणी वारलं की घरचे लोक देवळाला किंवा समाजाला भांडं देत, त्यावर 'अमक्याच्या स्मरणार्थ' असं कोरून. ती सगळी भांडी आप्पांच्याच दुकानातून जायची. पण बसूच्या नावाचं भांडं आप्पांनी कधी केलं नाही. काकूंनी विषय काढला की म्हणायचे, "त्येचं नाव भांड्यावर टाकलं की मग तो गेलाच की."

नावं टाकायचं काम सुमनचं. हातात बारीक छिन्नी, लहानशी हातोडी, आणि मांडीत भांडं. ठक ठक ठक, एकेक टिंब जोडत अक्षर उमटायचं. एकोणिसाची पोर, शाळेत असल्यापासून हे करायची. 'सौ. कां. हीस मामांकडून सप्रेम भेट' ही ओळ तिनं किती परातींवर टाकली असेल देव जाणे. गावात कुठेही पेशंट बघायला गेले आणि पाणी प्यायला मिळालं, की तांब्यावर सुमनचं अक्षर असायचं. वेलांट्या डौलदार, शिरोरेघा सरळ.

आणि तिथेच ते मला दिसलं. जुन्या भांड्यांवर अक्षर सुबक होतं. अलीकडच्या भांड्यांवर ते बिघडत चाललं होतं. शिरोरेघ चढायची, उतरायची. काना अक्षरापासून दूर पडायचा. एका लग्नाची परात तर गिऱ्हाइकानं परत आणून दुकानात आदळली. "आप्पा, हे नाव हाय का कोंबडीचे पाय? पोरीचं ध्यान कुटं हाय? लग्न ठरलं म्हनून इतकं?" सुमनचं काकूंच्या भावाच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, त्यामुळे सगळ्या गोष्टींवर ते एकच कारण चालायचं. आप्पांनी परात घेतली, टिचकी मारली, आणि चेहरा न हलवता म्हणाले, "ही नवी डिझाईन हाय बे. बंबईत आता असंच टाकत्येत." गिऱ्हाईक चाटच पडलं आणि परात घेऊन परत गेलं. मी वरून सगळं ऐकत होते, मला हसू आवरेना. पण खाली उतरले तर आप्पा तिथेच उभे, हात भांड्यांच्या उतरंडीवर टेकलेला, आणि नजर आतल्या दाराकडे. आत सुमन हातोडी मांडीत घेऊन बसली होती. तिचा उजवा हात थरथरत होता. दुसऱ्या हातानं तिनं तो दाबून धरला होता.

त्यानंतर सगळं पटापट ध्यानात यायला लागलं. ती बोलताना शब्द जड यायचे, जीभ सुजल्यासारखे. जेवताना घास तोंडाशी जाईपर्यंत सांडायचा. चिडायची, मग रडायची. शेजारच्या बायकांनी बाहेरचं काही आहे म्हणून सांगितलं, काकूंनी लिंबं उतरवून झाली. लिंबागणेशला जाऊन नवस बोलून झाला. एका दुपारी मी तिला माडीच्या खिडकीत बसवलं आणि बाजूनं बॅटरीचा झोत डोळ्यात टाकला. बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी अशी बारीक गोल रेघ होती. खात्रीनं सांगण्याइतकी स्पष्ट नव्हती. पण अंबाजोगाईला शिकत असताना आमच्या सरांनी असा डोळा आम्हाला एकदा दाखवला होता, आणि तो मी विसरले नव्हते. सर म्हणाले होते, "हे वेळेवर ओळखलं तर पेशंट चालत घरी जातो. नाही ओळखलं तर चौघांच्या खांद्यावर."

सरांना फोन केला. ते म्हणाले, रक्त तपास. रक्तात तांबं वाहून नेणारा एक घटक असतो, तो या आजारात फार कमी भरतो. ही तपासणी पुण्याला होत होती. मी आप्पांना म्हणाले, सुमनला घेऊन पुण्याला जा. आप्पा ऐकेनात.

"पोर गेली तर गाव इचारील. सोयरिकीच्या कानावर जाईल. रगत गेलं तर कोन इचारतंय? तुमी रगत काढा, मी घिऊन जातो."

यात काही चूक नव्हती. मी दवाखान्यात रक्त काढलं, थिजू दिलं, वरचं पिवळसर पाणी वेगळं करून बाटलीत भरलं, आणि ती बाटली बर्फ घालून लशीच्या डब्यात ठेवली. डबा निळ्या प्लास्टिकचा होता. आप्पांनी त्याला टिचकी मारली आणि तोंड कडू केलं. "दुसरं काय न्हाई का?" नाही म्हटल्यावर खांद्यावरचं उपरणं काढलं, डबा त्यात गुंडाळला, आणि पोटाशी धरून पहाटेच्या एसटीत जाऊन बसले.

पुढचं मला कंडक्टरनं सांगितलं. तो म्हणाला, डबा वर ठेवा. आप्पा म्हणाले, न्हाई, मांडीवर बसंल. गर्दीत माणसं उभी, हा म्हातारा अख्खी मांडी अडवून बसलेला. वाद वाढला तेव्हा आप्पा म्हणाले, "माझी पोर हाय ह्याच्यात. अर्धं तिकीट फाड हिचं." कंडक्टरनं उपरण्यात डोकावून पाहिलं, आणि पुढे पुण्यापर्यंत त्यांच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. गावात आल्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं की आप्पांचं डोकं फिरलंय. बरंच झालं. रक्ताचा संशय कुणालाच आला नाही.

निकाल सरांना कळणार होता आणि सर मला फोनवर सांगणार होते. दिंद्रुडला तेव्हा नुकतंच एसटीडीचं दुकान निघालं होतं, काचेची खोपटी, आत लाल आकडे पळणारं यंत्र, बाहेर कायम रांग. मी आत, आप्पा बाहेर काचेला नाक लावून. सरांनी आकडा सांगितला. फार कमी होता. शंकेला जागा नव्हती इतका कमी. मी तो ऐकला आणि मला हसू आलं. खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या पास होण्याचाही झाला नव्हता. हात थरथरण्याच्या बहुतेक आजारांना मुळापासून औषधच नसतं. याला होतं.

बाहेर आले तर आप्पांच्या डोळ्यांत पाणी. "न्हाई ना काय? तुमी हसलात. मी बघितलं, तुमी हसलात."

"आहे, आप्पा. तोच आजार आहे. आणि तोच आहे म्हणून औषध आहे. पोरगी बरी होईल."

त्यांना यातलं पहिलं आणि शेवटचं एकत्र कसं बसवावं ते कळेना. रांगेतली माणसं कान टवकारून होती, म्हणून रस्त्यात मी एवढंच सांगितलं की अजून एक तपासणी राहिली आहे. उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंतची सुमनची सगळी लघवी स्वच्छ भांड्यात गोळा करून दवाखान्यात आणून द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात रुग्णांची रांग लागलेली, आणि दारातून आप्पा आले. अंघोळ केलेली, विभूती ताजी. दोन्ही हातांवर तांब्याची कळशी. चिंचेनं घासून अशी लखलखीत केलेली की उन्हात डोळे दिपावेत. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मिरवणुकीत धरावी तशी धरून ते सगळी रांग ओलांडून थेट माझ्या टेबलापाशी आले आणि कळशी टेबलावर ठेवली.

"रगत पलास्टिकातून नेलं ते मला लई लागलं, डॉक्टरबाई. हे तरी बरोबर आनलं."

जी तपासणी लघवीतलं तांबं मोजण्यासाठी करायची, तिच्यासाठी लघवी तांब्याच्या कळशीतून आली होती. मी हसायला लागले. थांबताच येईना. टेबलावर डोकं टेकून हसले. नर्सबाई बाहेर पळाली. आप्पाही जरा हसले, कारण दुसरा हसला की ते हसत. मग माझं हसू आपोआप थांबलं, कारण आता सांगावं लागणार होतं.

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. म्हटलं, आप्पा, तांबं सगळ्यांच्या अंगात जातं. डाळीतून जातं, दाण्यातून जातं, पाण्यातून जातं. थोडं लागतं, ते शरीर ठेवतं. बाकीचं यकृत, म्हणजे आपलं काळीज, बाहेर टाकतं. सुमनच्या काळजाला ते टाकता येत नाही. साठत राहतं. आधी काळजात, मग मेंदूत, डोळ्यात. म्हणून हात थरथरतो.

आप्पा व्यापारी माणूस. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "म्हंजी आवक हाय, जावक न्हाई."

"हो."

"आन् आवक कुनी केली?"

मी घाईघाईनं बोलले. हा आजार तिच्या जन्माबरोबर आलाय, तुमच्या आणि काकूंच्या दोघांच्या रक्तातून. तुम्हा दोघांकडून एकेक खोट आली आणि तिच्यात जोडी जमली. तुम्हाला दोघांना काही होत नाही. नात्यातल्या लग्नात हे जास्त होतं. घागर नसती तरी तिला हे झालंच असतं.

"झालं असतं," आप्पा म्हणाले. "बरं. पर घागर होती."

ते उठले, कळशी उचलली आणि गेले. दवाखान्यामागे बाभळीखाली त्यांनी ती रिकामी केली, हे मी खिडकीतून पाहिलं. टिचकी मारली नाही.

दुकान बंद झालं. कुणी वारलं असेल म्हणून माणसं विचारायला येत आणि काकू त्यांना परत पाठवत. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. सकाळची लोटी यायची बंद झाली, आणि मी चक्क त्या लोटीची वाट बघत बसायची. जिन्यात गाठ पडली तर आप्पा भिंतीकडे तोंड करत. रागावले असतील तर रागावोत, पण पोरीचं औषध सुरू व्हायला हवं होतं. मी ठरवलं, आज यांच्याशी भांडायचंच. तावातावानं जिना उतरले, तर आप्पा जिन्याखाली उकिडवे बसलेले. पुढ्यात माझं पोतं.

"डॉक्टरबाई," ते वर न बघता म्हणाले, "तुमचं हे इस्टील जरा वापरू का? पोरीला पानी प्यायला."

मी हो म्हटलं. त्यांनी स्वतः बांधलेली सुतळी त्यांच्याच्यानं सुटेना. मी खाली बसले आणि दोघांनी मिळून ती सोडली. आईचा एक पेला त्यांनी बाहेर काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणाले,

"बसूला बी हेच का?"

"बहुतेक, आप्पा. लहानपणी हा आजार काळजावरच येतो. कावीळ होते, पोट फुगतं."

"त्येचं रगत तपासलं असतं तर?"

"तेव्हा इथं ते कुणाला सुचलं नसतं."

"सुचलं असतं का ते इचारत न्हाई मी. तपासलं असतं तर कळलं असतं का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण हा माणूस हयातभर भांड्यांना टिचकी मारून खरं-खोटं ओळखत आला होता. "कळलं असतं," मी म्हणाले.

आप्पा जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. लहान मुलासारखे, आवाज करून. काकू धावत आल्या, सुमन आली. मीही रडले, त्याची मला लाज वाटत नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, मांडीवरचा पेला उचलला, सवयीनं पेर ठोकलं आणि कानाशी नेला.

"बोलतंय की हे बी," ते म्हणाले. "जरासक बोबडं हाय."

लघवीची तपासणी मग प्लास्टिकच्या कॅनमधून नीट झाली. कॅन आप्पांनीच बाजारातून आणला, शालीखाली लपवून, दारूची बाटली आणावी तसा. औषध सुरू झालं. गोळ्या मुंबईहून मागवाव्या लागत. सुरुवातीला सुमनचा हात उलट जास्तच थरथरला. असं होऊ शकतं हे मला वाचून माहीत होतं, आप्पांना नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी मला जे जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मग हळूहळू, इतकं हळूहळू की रोज पाहणाऱ्याला दिसू नये, घास सांडायचा थांबला. शब्द सुटे झाले. शेंगदाण्याची चटणी मात्र घरातून कायमची गेली, कारण दाण्यात तांबं फार. शेंगदाण्याशिवाय मराठवाड्यातलं स्वयंपाकघर कसं चालवायचं, हा काकूंचा माझ्यावरचा कायमचा राग. दुसरा राग म्हणजे भावाच्या घरची सोयरीक आप्पांनी मोडली. "रगतात रगत आता नगं," एवढंच बोलून ते मेहुण्याच्या घरून उठून आले होते.

दुकान पुन्हा उघडलं. तांबंच विकत. पण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला घागर देण्याआधी उलटतपासणी. "घरात पोरासोरांचा कुनाचा हात थरथरतो का? कुना लेकराला कावीळ झालती का?" गिऱ्हाईक बावचळून उठून जायचं. एखादा म्हणाला की हो, आमच्या आज्याचा थरथरतो, तर आप्पा त्याला घागर न देता थेट माझ्याकडे पाठवायचे. दिंद्रुड परिसरातल्या सगळ्या थरथरत्या म्हाताऱ्यांचे डोळे मी बॅटरीनं तपासले. कुणात काही निघालं नाही. तरी आप्पा पाठवायचे थांबले नाहीत.

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी आप्पांनी माझं पोतं बांधून दिलं. एक पेला कमी होता. तो सुमनचा झाला होता, मी मागितला नाही. पोत्यावर त्यांनी एक तांब्याची कळशी ठेवली. "ही तुमाला. तुमाला तांबं चालतंय." मी ओळखली. दवाखान्यातली, तीच. माझा चेहरा बघून आप्पा म्हणाले, "भिऊ नका. चिंचेनं घासलीय. चांगली सात पान्यानं धुतलीय." ती आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि तिची हकीकत मी पाणी पिऊन झाल्यावरच पाहुण्यांना सांगते.

एसटीला वेळ होता. आप्पा म्हणाले, महादेवाच्या पाया पडून जा. सुमनही बरोबर आली. देवळात थंडगार अंधार, आणि पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत होतं. मी वर पाहिलं. साखळीला टांगलेली ती सोप्यातली मोठी घागर होती. बुडाला बारीक भोक पाडलेलं.

"पोरीला न्हाई पचत," आप्पा म्हणाले. "ह्याला पचतंय. ह्यानं तर जहर पचवलंय."

मी जवळ गेले. घागरीच्या गळ्याशी नवी कोरलेली ओळ होती. लिंगायतांत गेलेल्या माणसाला लिंगैक्य म्हणतात, म्हणून सुरुवातीला 'लिं.' आणि पुढे 'बसवराज याच्या स्मरणार्थ'. टिंबं सारख्या अंतरावर होती. शिरोरेघ 'ब'पाशी जराशी चढली होती, मग सरळ झाली होती आणि शेवटपर्यंत सरळच राहिली होती.

मी सुमनकडे पाहिलं. तिनं हात पुढे केला, पालथा, बोटं पसरून, जसा मी दर महिन्याला तपासताना करायला सांगायची तसा. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत उभे राहिलो. वरून पाणी पडत होतं, आणि हात हलत नव्हता.